खुशीचा रिपोर्ट

सालेकसाच्या सिकलसेल केंद्रातला कॉम्प्युटर मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला पुन्हा बंद पडला. पडदा निळा झाला, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटल्या. योगेश्वरी बिसेननं कुणाला हाक मारली नाही. पर्समधली छोटी वही काढून तिनं वेळ लिहिली. महिन्याभरातली ती एकोणिसावी नोंद होती.

समोरच्या टेबलावरून भोजराजसरांनी मान वर केली. "पडला?"

"हो सर."

"आता काय केलं तू?"

"काही नाही. चिचगडचं फोल्डर उघडून राहिली होती."

"काही नाही केलं म्हणते! मग आपोआप पडते का तो?" सरांनी पेन टेबलावर टाकला. "सोमवारपासून नवीन मुलगी येऊन राहिली. तिच्या हाती तरी चालते का पाहू. तू सध्या रक्ताच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटव."

योगेश्वरीला हे बुधवारीच कळलं होतं, पण सरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कानशिलं तापली. दोन वर्षं ती रोज सकाळी फुलचूरहून गोंदिया स्टेशन गाठून पॅसेंजरनं सालेकसाला येत होती. सिकलसेलचे पेशंट आसपासच्या चार तालुक्यांत पसरलेले. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हाडं ठणकतात, रक्त कमी पडतं. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे लोक गावोगाव शिबिरं घेत, तपासण्या करत, आणि प्रत्येक माणसाची माहिती योगेश्वरी कॉम्प्युटरात भरत असे. नागपूरहून आलेले रिपोर्ट स्कॅन करून गावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं कामही तिचंच. बाराशेच्या वर माणसं होती त्यात. कित्येकांची तोंडं तिनं पाहिली नव्हती, पण नावं पाठ होती.

मार्चपासून मशीन बिघडलं. संस्थेचा ठरलेला मेकॅनिक गोंदियाहून दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी त्यानं आतली धूळ उडवली आणि रॅमची पट्टी खोडरबरानं घासून बसवली. दुसऱ्या वेळी फाइलींचा भाग सोडून बाकी सगळं फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकलं. दोन्ही वेळा मशीन आठ-दहा दिवस चाललं आणि पुन्हा पडलं. जाताना तो सरांना म्हणाला, "सर, मशीन में कुछ नहीं है. मैडम पेन ड्राइव्ह लगाती है ना? वहीं से वायरस आता है." त्या पेन ड्राइव्हवर योगेश्वरी दर शनिवारी सगळ्या फाइलींची नक्कल ठेवायची. सरांनी तो मार्चअखेरीसच काढून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला. तेव्हापासून नक्कल ठेवणं बंद झालं ते बंदच.

भोजराज चौधरी माणूस वाईट नव्हता. चिचगडपासून दरेकसापर्यंतची जंगलातली गावं सायकलनं पालथी घालून त्यानंच हे केंद्र उभं केलं होतं. कॉम्प्युटरचं मात्र त्याला काही कळत नव्हतं, आणि ज्याचं कळत नाही त्याच्या बाबतीत तो शेवटच्या बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचा.

वहीची कल्पना शामकलाबाईंची. त्या केंद्रातल्या नर्स. योगेश्वरी एकदा मागच्या ओसरीवर डोळे पुसत बसली होती तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पेशंट आला का आपण पहिले विचारतो, कवा दुखते, किती वेळ दुखते, काय केलं का वाढते. तुया मशीनले कोणी विचारलं का असं? त्या गोंदियावाल्यानं तं नाडीबी नाही पाहिली अन् औषध देऊन गेला."

तेव्हापासून तिनं लिहायला सुरुवात केली. किती वाजता पडलं, किती वेळ चालू होतं, कोणती फाइल उघडली होती, पंखा सुरू होता की बंद. दहाबारा नोंदींनंतर तिला काही दिसू लागलं. नुसतं पत्र टाइप करत बसलं तर मशीन तास-तास चालायचं. चिचगडचं आणि त्याला लागून भरलेलं देवरीचं फोल्डर उघडलं की पडायचं. सकाळी लवकर थोडं तग धरायचं, दुपारी उन्हाच्या तावात पंधरा मिनिटंही नाही. आणि पडायच्या आधी कॉम्प्युटरच्या डब्यातून बोट मोडल्यासारखा आवाज यायचा. कट. मग थोडं थांबून कट-कट. तिनं सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "पंखा वाजत असंल."

त्या शुक्रवारी ती चिठ्ठ्या चिकटवायला बसली आणि अर्ध्या तासात टेबलावरचा फोन वाजला. सरांनी उचलला. त्यांचा आवाज एकदम बदलला.

"चिचगडची? कोण... गीताबाईची मुलगी? हो, हो, आमचीच पेशंट आहे."

योगेश्वरीचा हात थांबला. चिचगडची खुशी, वय अकरा. तिचा रिपोर्ट एप्रिलमध्ये आला होता, पेन ड्राइव्ह कपाटात गेल्यानंतर.

गोंदियाच्या दवाखान्यातून डॉक्टरबाई बोलत होत्या. खुशीला पहाटे आणलं होतं, अंगात हिमोग्लोबिन जेमतेम चार उरलं होतं. आजच चढवावं लागणार होतं. पण मागच्या वेळी रक्त सुरू करताच पोरीला हुडहुडी भरली होती, लघवी काळी झाली होती. गीताबाईला एवढंच आठवत होतं की नंतर नागपूरला तपासणी झाली आणि कोणतं रक्त हिला चालत नाही ते कागदावर लिहून आलं. तो कागद तिच्या घरी लेकराच्या दप्तरासोबत भिजून लगदा झाला होता. नागपूरची प्रयोगशाळा सांगत होती, जुनं रजिस्टर शोधायला उद्या दुपार होईल. इथं नव्यानं तपासायची सोय नव्हती.

"चारपर्यंत मला सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोपर्यंत मी थांबते. त्यानंतर जे जुळेल ते देऊन बघण्याशिवाय इलाज नाही."

सरांनी फोन ठेवला आणि योगेश्वरीकडे पाहिलं. "चालू कर."

तिनं चालू केलं. विंडोज उघडायलाच दहा मिनिटं लागली. चिचगडच्या फोल्डरवर तिनं क्लिक केलं तसा आतून आवाज आला, कट, कट-कट, आणि पडदा निळा झाला.

"पुन्हा कर."

"नाही सर."

दोन वर्षांत ती सरांना पहिल्यांदा नाही म्हणत होती. 

"जेवढ्या वेळा चालू करू तेवढं आतलं अजून बिघडते असं मले वाटते. रिपोर्ट त्याच जागी आहे जिथं हे अडून राहिलं. मले एकदा हा डबा आमगावले कवडूकाकांकडे नेऊ द्या. मी कॉम्प्युटरचा क्लास करत होती तेव्हा तिथली सारी मशीनं तेच दुरुस्त करायचे."

सरांनी गोंदियाच्या मेकॅनिकला फोन लावला. तो रायपूरला लग्नात होता. मग ते उठले, कपाटातून शिबिरातली चादर काढली, आणि म्हणाले, "चल."

बारा वाजताच्या उन्हात सरांच्या मोटारसायकलवर योगेश्वरी मागे बसली. चादरीत गुंडाळलेला सीपीयू तिनं मांडीवर उशीवर धरला होता. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. "सर, खड्डा," ती दर दोन मिनिटांनी म्हणायची आणि सर गाडी बैलगाडीसारखी हळू करायचे. एरवी अर्ध्या तासाचा रस्ता, त्या दिवशी तास लागला. 

कवडू शेंडेंचं दुकान आमगाव स्टेशनच्या रस्त्यावर होतं. पन्नाशीचा माणूस, अंगात बनियन, नाकावर चष्मा. दाराला कूलर लावलेला आणि आत टेबलभर उघडी मशीनं. त्यांनी योगेश्वरीला ओळखलं. सर सांगू लागले, "गोंदियाचा मेकॅनिक म्हणत होता का व्हायरस..."

"थांबा सर. कोण काय म्हणत होता ते मंग." कवडूकाका योगेश्वरीकडे वळले. "तू सांग बाई. काय दिसलं, काय ऐकू आलं, तेवढंच सांग."

तिनं वही पुढे केली. काकांनी उभ्याउभ्याच एकोणीसही नोंदी वाचल्या. एका पानावर बोट ठेवून विचारलं, "हा आवाज मशीन पडायच्या आधी येते का नंतर?"

"आधी. दरवेळी आधीच."

"पत्र लिहिताना कवाच नाही आला?"

"नाही."

"बरं." त्यांनी वही तिच्या हातात परत दिली. "अर्धं काम तं तूच करून आणलं."

त्यांनी डबा उघडला, चार स्क्रू काढून आतली डिस्क बाहेर घेतली. हातभर अंतरावरूनही तिची धग लागत होती. ती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर कोरडा पंचा गुंडाळून कूलरच्या वाऱ्यात ठेवली. "ही जरा थंड होऊ दे. गरम असली का जास्त अडून राहते. तवरक बाकीच्याची परीक्षा घेऊ."

"पण डिस्कशिवाय मशीन चालंल कसं?" सरांनी विचारलं.

काकांनी खणातून एक सीडी काढली. "यात सारं आहे. याच्यावरून चालते, डिस्क लागत नाही." त्यांनी सीडी घातली, केंद्राचं मशीन सुरू केलं, आणि त्याला राबवायला लावलं. व्हिडिओ लावला, शेजारी मोठमोठी चित्रं उघडली, वरून मेमरी तपासायचं कामही सांगितलं. "आता व्हायरसच्या नावानं, रॅमच्या नावानं, बाईच्या नावानं, ज्याच्या नावानं पडायचं असंल त्याच्या नावानं पडू दे."

सर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. घड्याळात सव्वाएक झाला होता. दीड वाजला. पावणेदोन, मग दोन झाले. मशीन चालतच होतं. आवाज नाही, निळा पडदा नाही. योगेश्वरी पडद्याकडे पाहत नव्हती, ती सरांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी दोनदा चष्मा काढून पुसला.

"पाऊण तास," शेवटी ते म्हणाले. "केंद्रात तं पंधरा मिनिटं नाही चालत."

"म्हणजे डबा ठणठणीत आहे," काका म्हणाले. "आता दुसरी बाजू पाहू."

थंड झालेली डिस्क त्यांनी स्वतःच्या मशीनला जोडली. ते मशीन वर्षभरात एकदाही अडकलं नव्हतं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. विंडोज सुरू झालं, केंद्राच्या फाइली दिसल्या. देवरीच्या फोल्डरवर त्यांनी क्लिक केलं. वाळूचं घड्याळ फिरू लागलं. मग आवाज आला. कट. कट-कट. काकांचं वर्षभर न अडलेलं मशीन जागच्या जागी थिजलं.



"पाहिलं सर? ना तुमचा डबा, ना बाईचा हात, ना बाईचा पेन ड्राइव्ह. दुखणं डिस्कमध्ये आहे आणि डिस्क जाईल तिथं जाते." त्यांनी टेबलाखालची एक मेलेली, उघडलेली डिस्क काढून दाखवली. आत आरशासारखी चकती आणि तिच्यावर टेकायला आलेली बारीक दांडी होती. "ही चकती फिरते, ही दांडी वाचते. एखादी जागा खराब झाली का दांडी तिथं अडते, पुन्हा मागे जाते, पुन्हा येते. तोच तो कट-कट. मशीन वाट पाहून पाहून बेशुद्ध पडते. आता फॉरमॅट मारलं तं काय होईल? भेगा पडलेल्या भिंतीवर चुना मारल्यावानी. आठ दिवस चांगली दिसते."

 महिनाभर रोज रात्री झोपताना योगेश्वरी आठवत बसायची, आज कोणतं बटण चुकीचं दाबलं असेल. कुठलंच नव्हतं. ती दुकानाच्या दारात गेली, माठातलं पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि परत आली.

"काका, चिचगडचा रिपोर्ट निघंल?"

"तेच पाहून राहिलो." काकांचा आवाज आता तितका निवांत नव्हता. अडीच वाजले होते. त्यांनी डिस्क पुन्हा वाऱ्यात ठेवली, वीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग विंडोजऐवजी त्या सीडीवरूनच आपलं मशीन सुरू केलं. "हे अडलेल्या जागेपाशी हटून बसत नाही. वाचता येते तेवढं घेते, नाही आलं तं सोडून पुढे जाते. फाइलीचं नाव सांग."

"चिचगड, मग एप्रिल, मग खुशी-रिपोर्ट."

नक्कल सुरू झाली. पडद्यावरची रेघ पुढे सरकली, थांबली. कट. पुन्हा सरकली. कट-कट. सर उठून उभे राहिले. रेघ तीन मिनिटं एकाच जागी होती. मग एक सूचना आली आणि काकांनी ती मोठ्यानं वाचली, "पूर्ण नाही आली. अर्धी आली."

"उघडा," योगेश्वरी म्हणाली.

पडद्यावर कागद वरून खाली उमटू लागला. प्रयोगशाळेचं नाव. तारीख. मग खुशी, वय अकरा, चिचगड. मग रक्तगट, बी पॉझिटिव्ह. त्याच्या खाली टाइप केलेल्या दोन ओळी. आणि तिथून पुढे सगळा कागद करड्या रंगाचा, कोरा. खालची सही, शिक्का, सल्ला, सगळं गेलं होतं.

पण त्या दोन ओळी होत्या.

योगेश्वरीनं सरांच्या मोबाइलवरून फोन लावला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टरबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला. तिनं एकेक शब्द वाचून दाखवला. "अँटी ई, असं लिहिलं आहे मॅडम. पुढे लिहिलं आहे, ई निगेटिव्ह रक्तच द्यावं."

"ई मोठा आहे की लहान? नीट बघा. दोन्ही वेगळे असतात."

योगेश्वरीनं पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. काकांनी न सांगताच चित्र मोठं केलं. "मोठा. कॅपिटल ई. दोन्ही ठिकाणी मोठाच आहे."

"नक्की?"

"नक्की मॅडम."

पलीकडे डॉक्टरबाईंनी सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला. "रक्तपेढीला सांगते. बी पॉझिटिव्हच्या पिशव्या आहेत त्यांच्याकडे, तपासून देतील. थँक यू, बाई."

फोन ठेवल्यावर सर तिथल्या स्टुलावर मटकन बसले. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. काकांनी समोरच्या टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. उकाड्यातला तो कढत चहा तिघांनीही बशीत ओतून, घाई न करता प्यायला.

बाकीची नक्कल पाच वाजेपर्यंत चालली. काकांनी एकेक गाव उतरवून घेतलं आणि नव्या डिस्कवर ठेवलं. बाराशे शहाऐंशी माणसांपैकी बाराशे बहात्तर जणांची माहिती पूर्ण निघाली. उरलेल्या चौदांची नावं योगेश्वरीनं वहीत लिहून घेतली. त्यांची तपासणी पुढच्या शिबिरात पुन्हा करता येणार होती. तिनं मनाशी हिशेब घातला, चिचगडचे नऊ, देवरीचे पाच. एवढ्यावर निभावलं.

सर सीपीयू बांधत होते. चादरीची गाठ मारता मारता खाली पाहूनच म्हणाले, "योगेश्वरी, मी तुले बोललो. नाही बोलायला पाहिजे होतं. तू आवाजाचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

तिला वाटलं, असू द्या सर, असं म्हणावं. पण ते तोंडातून निघेना. "हो सर," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. त्यांना ते चालल्यासारखं दिसलं. "सोमवारी ती मुलगी येईल. तिले तू शिकव. दोघी मिळून करा. अन् दर शनिवारी नक्कल ठेवायची, कोणी काही म्हणो."

"दोन जागी ठेवा," आतून कवडूकाका ओरडले. "एक केंद्रात, एक दुसऱ्या गावात. अन् नवी डिस्क बसवली म्हणून बेफिकीर नका राहू. हीबी कवा तरी जाईलच."

सर सालेकसाला निघाले. योगेश्वरीला आमगावहून गोंदियाची गाडी मिळाली. खिडकीत बसताच तिला इतकी गाढ झोप लागली की गोंदिया आल्यावर शेजारच्या बाईनं दंडाला धरून हलवलं.

स्टेशनबाहेर फुलचूरचा ऑटो उभा होता. ती त्यात बसली नाही. रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगितलं.

लहान मुलांच्या वॉर्डात शेवटून दुसऱ्या खाटेवर एक किरकोळ पोरगी डोळे मिटून पडली होती. वर लाल पिशवी लटकली होती आणि नळीतून थेंब थेंब उतरत होतं. खाटेशी जमिनीवर एक बाई बसली होती, पोरीचा तळवा आपल्या हातात धरून.

"गीताबाई?"

"हो. तुमी कोण?"

"मी सालेकसाहून. कॉम्प्युटरवर असते मी. तुमच्या खुशीचा रिपोर्ट..."

गीताबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. तिला कॉम्प्युटरचं काही माहीत नव्हतं, पण दुपारपासून डॉक्टरबाई कुणाच्या फोनची वाट पाहत होत्या हे तिनं पाहिलं होतं. ती सरकली आणि भिंतीशी जागा केली.

"अर्धी झाली पिशवी," ती हळू आवाजात म्हणाली. "मागच्या बारीले पाचच मिनटात थरथर कापत होती. आज काहीच नाही झालं. पाय दुखते म्हणत होती, आता तेबी नाही म्हणत. झोपली."

योगेश्वरीनं वाकून पोरीचा चेहरा पाहिला. दोन वर्षं हे नाव, हे गाव, हे वय ती टाइप करत आली होती. वरच्या ओठाला डाव्या बाजूला तीळ होता. नखं कुणीतरी लाल रंगवलेली, अर्धा रंग उडालेला.

"बसा ना बाई," गीताबाई म्हणाली. "कवाच्या उभ्या आहा."

ती भिंतीला पाठ टेकून खाली बसली. फरशी थंड होती. पिशवीतलं रक्त उतरत होतं, खुशीचा श्वास सरळ चालला होता, आणि पिशवी पूर्ण रिकामी होईपर्यंत योगेश्वरीला कुठंच जायची घाई नव्हती.